उजवीकडच्या रकान्यातलं नाव

आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर आमचं नाव होतं, पण मालकाच्या जागी नव्हतं. ते होतं उजवीकडे, ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ या मथळ्याखाली, माझ्या आजोबांच्या नावानं. त्यापुढे दोनच अक्षरं, ‘सं. कू.’, म्हणजे संरक्षित कूळ. कूळ म्हणजे मालकाला खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, देऊन त्याची जमीन कसणारा. अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात असे सातबारे आजही पुष्कळ आहेत. आमची १ हेक्टर १२ आर भातजमीन, आकार, म्हणजे सरकारी शेतसारा, ९ रुपये ५० पैसे. आधी आजोबा, मग बाबा तिथे राबले. खाडीचं पाणी आत शिरून बांधाला खांडी पडल्या की रात्री-अपरात्री चिखलात उतरले. कागदावर मालक मात्र मुंबईत, गिरगावात राहणारं एक कुटुंब.

दोन्ही घरांचं कधी भांडण नव्हतं. पण गेल्या काही वर्षांत मांडव्याकडून जमिनीचे भाव चढत चढत आमच्या शिवारापर्यंत आले आणि २०२१ च्या दिवाळीनंतर एक एजंट घरी आला. त्याच्याकडे पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाईप केलेला मजकूर तयार होता. ‘आम्ही सदर जमिनीतील कुळाचा हक्क स्वखुशीने सोडत आहोत, आमची काही तक्रार नाही.’ बदल्यात तो दोन लाख रुपये रोख द्यायला तयार होता. बाबांना म्हणाला, “मामा, तुमचं नाव नुसतं इतर हक्कात आहे. मालकानं मनात आणलं तर तेही जाईल. त्यापेक्षा आलेले पैसे घ्या.”

बाबा त्याला म्हणाले, “माझी मुलगी शाळेतून येऊ दे. ती वाचेल, मग बघू.” तो थांबला नाही, पण कागदाची झेरॉक्स ठेवून गेला. ती घेऊन मी अलिबागला वकिलांकडे गेले. जमिनीचे दावे चालवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी कागद वाचून बाजूला ठेवला आणि पहिली गोष्ट सांगितली, ती मी पुढे गावात ज्याला त्याला सांगत आले आहे. कुळानं जमिनीचा हक्क सोडायचा तर कुळकायद्याच्या कलम १५ प्रमाणे तो लेखी सोडावा लागतो आणि कूळ खरंच स्वखुशीनं सोडतंय याची खातरजमा तहसीलदारापुढे व्हावी लागते. घरी बसून केलेल्या सहीनं, नोटरीचा शिक्का मारला तरी, कूळ जात नाही. मालकालाही मनात आलं म्हणून कूळ काढता येत नाही. खंड थकवला, जमिनीची नासधूस केली, स्वतः न कसता पोटकूळ लावलं, अशी ठरावीक कारणं कायद्यात आहेत आणि त्यासाठीही आधी तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते.

हे संरक्षण आमच्या भागाला फुकट मिळालेलं नाही. आमच्याच तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं १९३३ साली कुळांनी संप केला. जमिनी कसायच्याच नाहीत असं ठरवलं आणि १९३९ पर्यंत कुळं त्या ठरावाला चिकटून राहिली. पेरलं नाही म्हणजे खायलाही नाही. बायका-पुरुषांनी लाकूडफाटा विकून आणि मिळेल ती मजुरी करून ती वर्षं काढली. त्याच काळात, १९३७ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनदारी, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ चा कुळकायदा आला आणि त्यात ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा पहिल्यांदा लिहिला गेला. सलग सहा वर्षं जमीन स्वतः कसलेल्या कुळाला तो मिळाला. १९४६ च्या दुरुस्तीनंतर, मालकानं मुदतीत मामलेदाराकडे हरकत घेतली नाही तर कूळ आपोआप संरक्षित ठरू लागलं. पुढे १९४८ चा कायदा आला, तोच आज चालू आहे.

वकिलांचा पुढचा प्रश्न असा, की संरक्षित कूळ आहात, मग १ एप्रिल १९५७ ला मालक का झाला नाहीत? तो कृषक दिन. त्या दिवशी जमीन स्वतः कसणारी कुळं कायद्यानं त्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. आमच्या वाडीतली बहुतेक घरं त्याच दिवसामुळे मालक झाली. आमचंच घर का राहिलं, हे बाबांना नेमकं माहीत नव्हतं. ते म्हणायचे, “मालकीणबाई विधवा होत्या, म्हणून राहिलं.” ते ऐकून वकील खुर्चीत सरळ होऊन बसले.

कलम ३२-फ. कृषक दिनी जमिनीची मालक विधवा असेल, अज्ञान म्हणजे वयानं लहान असेल, शरीरानं किंवा मनानं अपंग असेल, किंवा सैन्यात असेल, तर कुळाची खरेदी पुढे ढकलली जाते. विधवेच्या बाबतीत तिचा जमिनीतला हक्क संपल्यावर, म्हणजे बहुधा ती गेल्यावर, तिच्या वारसाला एक वर्ष मिळतं. त्या वर्षात ‘मला स्वतःला कसायची आहे’ म्हणून तो जमीन मागू शकतो, आणि तेव्हाही निम्मी जमीन कुळाकडे ठेवावीच लागते. त्यानं मागितली नाही तर पुढच्या एका वर्षात कुळानं ‘मी खरेदी करतो’ असं मालकाला आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला कळवायचं. मला ही तरतूद वाचून राग आला नाही. १९५७ सालची एकटी बाई, जिला कसता येत नाही आणि खंडाशिवाय दुसरं उत्पन्न नाही, तिच्या हातातली जमीन एका तारखेला काढून घेऊ नये असं कायदा करणाऱ्यांना वाटलं, ते योग्यच होतं. कुळाच्या घरातली असूनही मी हे म्हणते.

आता कागद जमवायचे होते. १९५० च्या आसपासपासून आजवरचे सगळे सातबारे, कुळाची मूळ नोंद झाली तो फेरफार (हक्क बदलल्याची नोंद), मालकिणीचं नाव लागल्याचा वारस फेरफार, पीकपाहणीचे उतारे. काही जुने उतारे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मिळाले, बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. तिथे टेबलावर फेरफाराचं जाड रजिस्टर उघडलं तेव्हा पानाच्या कडा विड्याच्या पानासारख्या काळसर झालेल्या होत्या. बोरूनं लिहिलेली सुरेख अक्षरं. आजोबांच्या नावापुढे लिहिलेलं, ‘सन १९३९ चे कायद्याचे कलम ३-अ प्रमाणे संरक्षित कूळ.’ खाली सर्कल इन्स्पेक्टरची सही आणि ‘तपासले, मंजूर’. आजोबांना सही येत नव्हती. कबूल असल्याची निशाणी म्हणून नांगराचं चित्र काढलेलं होतं, दोन रेघा आणि एक आडवी. मी मोबाईलवर फोटो काढू का विचारलं, कारकून नाही म्हणाले, पण नक्कल त्याच आठवड्यात दिली.

मालकिणीचे यजमान १९४९ साली गेले आणि जमीन एकट्या तिच्या नावावर आली, हेही फेरफारावरून सिद्ध झालं. हे बघावंच लागतं, कारण विधवा एकत्र कुटुंबात असेल आणि घरातला दुसरा एखादा धडधाकट सज्ञान माणूस मालकीत असेल तर ३२-फ लागू होत नाही. अपवाद फक्त १९५८ च्या ३१ मार्चपूर्वी तिचा हिस्सा सरस-निरस मानानं, म्हणजे जमिनीची प्रत बघून, वेगळा झाला असेल तर.

खरा ठेवा घरातच निघाला. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात बाबांनी खंडाच्या मनीऑर्डरींच्या पोचपावत्या जपून ठेवल्या होत्या. प्रत्येक पावती ४७ रुपये ५० पैशांची. खंडाची कमाल मर्यादा आकाराच्या पाच पट किंवा एकरी २० रुपये, त्यातली जी रक्कम कमी असेल ती. आमची पाच पट ४७.५०, एकरी हिशेब पंचावन्नच्या वर जायचा, म्हणून ४७.५०. बाबा सातवी शिकलेले, पण हा हिशेब त्यांनी बरोबर केला होता आणि वर्षानुवर्षं पाळला होता. पावत्यांवर मालकिणीची थरथरती सही. १९८७ च्या मनीऑर्डरवर पोस्टमननं लाल शाईत लिहिलेलं, ‘घेणार मयत, परत’. त्यानंतर बाबा स्वतः गिरगावात गेले, मालकिणीच्या मुलीच्या हातात खंड दिला आणि तिनं साध्या कागदावर पावती लिहून दिली. ती मुलगीही २००९ मध्ये गेली, त्यानंतर कुणी खंड घ्यायला तयार नव्हतं.

लाल शाईतली ती ओळ पाहून मला धडकी भरली. मालकीण गेल्याचं बाबांना १९८७ मध्येच कळलं होतं, म्हणजे १९८८ पर्यंत वारसाची मुदत आणि १९८९ पर्यंत आमची. ती कधीच टळली होती. कुळानं मुदतीत खरेदी केली नाही तर पुढे कलम ३२-प लागतं. त्यात न्यायाधिकरण कुळवहिवाट संपवून जमिनीची विल्हेवाट लावू शकतं आणि जमीन परत मालकाकडेही जाऊ शकते. कितीतरी घरांची जमीन अशीच गेली. गावात राहणाऱ्या कुळाला मुंबईत कोण कधी गेलं आणि त्याची मुदत कुठून मोजायची हे कोण सांगणार?

याच प्रश्नावर २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला आहे. अज्ञान मालक सज्ञान झाल्यावर त्यानं कुळाला तसं कळवलं पाहिजे, अशी तरतूद १९६९ च्या दुरुस्तीनं कायद्यात आली होती. विधवेच्या वारसाबद्दल तसं काही लिहिलेलं नव्हतं आणि आधीचे निकाल कुळाच्या विरोधात जायचे. २०१९ च्या निकालानं सांगितलं की विधवेचा हक्क संपल्याचं तिच्या वारसानंही कुळाला कळवणं बंधनकारक आहे, म्हणजे कुळाला खरेदीचा हक्क बजावता येईल. आमच्या अर्जाचा कणा हाच निकाल होता.

अर्ज करण्यापूर्वी वकिलांनी दोन गोष्टी करून घेतल्या. एक, २००९ पासूनचा सगळा थकलेला खंड डिमांड ड्राफ्टनं रजिस्टर पोस्टानं पाठवला. थकबाकी भरण्याची संधी कायदा कुळाला देतो, पण आपण होऊन भरणारा माणूस न्यायाधिकरणापुढे ताठ उभा राहतो. दुसरी, कुळाच्या वारसांची नोंद. आजोबांच्या जागी एकट्या बाबांचं नाव लागलं होतं, माझ्या दोन्ही आत्या राहिल्या होत्या. काही नातेवाईक म्हणाले, कशाला वाढवता, त्या दिल्या घरी सुखी आहेत. बाबांनी ऐकलं नाही. लावणीला दोघीही त्याच चिखलात होत्या, त्यांची नावं आधी लागली.

तहसीलदारांपुढे सुनावणी सुरू झाली. तहसीलदारच शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून बसतात. कूळ आहे की नाही, किंमत किती, हे त्यांनीच ठरवायचं. दिवाणी न्यायालयाला या बाबतीत अधिकार नाही, तिथे असा प्रश्न निघाला तर तो इकडेच पाठवावा लागतो. मालकिणीचे नातू, मुलीचे चिरंजीव, नोटीस मिळाल्यावर गिरगावाहून आले. सत्तरीचे, काठी टेकत चालणारे. त्यांच्या वकिलानं ती लाल शाईची पावतीच आमच्याविरुद्ध वापरली. बाबांना सगळं माहीत होतं, मग चौतीस वर्षं गप्प का बसले? तहसीलदारांनी बराच वेळ दोन्ही बाजू ऐकल्या. निर्णयात त्यांनी लिहिलं की पोस्टाचा शेरा म्हणजे वारसानं दिलेली सूचना नव्हे आणि वारसानं नंतरही खंड स्वीकारला, त्यामुळे कुळवहिवाट चालू राहिली. तोपर्यंतच्या तारखांना बाबांनी किती जीव मुठीत धरला होता ते मी पाहिलं आहे.

एका तारखेला साहेब मीटिंगला गेले, म्हणून आम्ही दोन्ही बाजू बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. मी मालकिणीच्या नातवांना, म्हणजे काकांना, पाणी दिलं. ते बाबांकडे वळून म्हणाले, “तुमच्या आईच्या हातचे तांदळाचे घावन मी खाल्लेत. मे महिन्यात आजीबरोबर यायचो.” मग बराच वेळ दोघं उघाडीवरच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावरच्या, मासळीबद्दल बोलत राहिले. काका स्वतः गिरगावात पागडीच्या खोलीत राहतात. वडिलांच्या नावची खोली, त्यांच्या पश्चात सोबत राहणारा मुलगा म्हणून यांच्याकडे आली. तिथला कायदा वेगळा, १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला. भाडं वर्षाला चार टक्क्यांनीच वाढवता येतं आणि ठरलेल्या कारणांशिवाय बाहेर काढता येत नाही. पण एक मोठा फरक आहे. घराच्या मालकाला स्वतःसाठी जागेची खरोखर गरज असेल तर तो कधीही दावा लावू शकतो आणि कोर्ट कुणाची अडचण जास्त ते तोलतं. शेतजमिनीच्या मालकाची ‘मला स्वतःला हवी’ ही मागणी मात्र तारखांना बांधलेली होती आणि त्या तारखा निघून गेल्या. काका म्हणाले, “माझ्या चाळमालकालाही वाटत असेल, हा म्हातारा माझी जागा फुकटात अडवून बसलाय. पण मी जायचं कुठे?” त्यांनी हे बाबांकडे बघत म्हटलं. एजंटाचं नाव त्या दिवसानंतर त्यांनी काढलं नाही.

उरला किमतीचा प्रश्न. कलम ३२-ह प्रमाणे जमिनीची किंमत आकाराच्या २० पटीपेक्षा कमी नाही आणि २०० पटीपेक्षा जास्त नाही. आमची जास्तीत जास्त १,९०० रुपये. आज त्या शिवारात गुंठ्याला काय भाव चालतो ते पाहिलं तर ही रक्कम मालकाच्या बाजूनं किती कडू लागत असेल ते मला समजतं. पण ती आजच्या प्लॉटची किंमत नाही. आजोबांनी आणि त्यांच्या आधीच्यांनी खंडापोटी जे धान्य घातलं, त्याच्या पुढची ती शेवटची रक्कम आहे, असं मी मानते आणि ती न्याय्यच आहे असंही मानते. या किमतीत मालकानं घातलेले बांध, विहिरी, इमारती, लावलेली झाडं यांचं मोल मिळवावं लागतं. काकांनी ते मागितलं. पुरावा म्हणून आपल्या आजोबांच्या हिशेबाची एक वही आणली, निम्मी मोडीतली. त्यात बाहेरच्या बांधाच्या मातीकामाचा खर्च होता.

आमचे वकील म्हणाले, वही सिद्ध करणं त्यांचं काम, आपण नाकारू. बाबांचा जबाब चालू होता. तहसीलदारांनी सरळ विचारलं, “बाहेरचा बांध कुणी घातला?” बाबा क्षणभरही थांबले नाहीत. “यांच्या आजोबांनी घातला. माझ्या वडिलांनी तिथे मजुरी केली, तीन आणे रोज. पुढची डागडुजी आम्ही केली.” वकिलांनी पेन खाली ठेवलं. काकांनी मान खाली घातली आणि चष्मा पुसला. निकालात बांधाची रक्कम धरली गेली, एकूण साडेचार हजारांच्या घरात गेली. बाबांनी ती हप्ते न पाडता एकदम भरली.

निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, त्यापुढे महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे फेरतपासणी. काकांनी अपील केलं नाही. मुदत गेल्यावर ३२-म चं प्रमाणपत्र मिळालं. खरेदीचा तो निर्णायक पुरावा मानला जातो, पण घरात ठेवून उपयोग नाही. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, मग तलाठ्याकडे फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. आमच्या गावात दोन घरं अशी आहेत ज्यांची प्रमाणपत्रं साठच्या दशकातली आहेत आणि फेरफार अजून झालेला नाही. त्यांना आता मी कागद काढून देते आहे.

नवीन सातबाऱ्यावर मालकाच्या जागी बाबा आणि दोन्ही आत्या भोगवटादार आहेत, वर्ग २. इतर अधिकारांत शेरा आहे, ‘कु. का. कलम ४३ ला पात्र’. म्हणजे कुळकायद्याप्रमाणे ही जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ३२-म प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली की परवानगीची गरज राहत नाही. आकाराच्या चाळीस पट नजराणा सरकारात भरायचा, आमचा ३८० रुपये होईल, आणि घेणारा शेतकरी असला पाहिजे. विकायचा विचार आमच्या घरात कुणाच्याच मनात नाही. पण ती दहा वर्षं प्रमाणपत्राच्या तारखेपासून मोजतात, म्हणून प्रमाणपत्राची एकेक साक्षांकित प्रत आत्यांच्या घरी देऊन ठेवली आहे.